भूकंपात जिन्याचं काय होतं, आणि हे कळायला एवढा उशीर का लागला

भूकंप झाला की लिफ्ट नको, जिन्याने उतरा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण उतरायला जिना जागेवर असेल का, हा प्रश्न खुद्द इंजिनियर मंडळींनीसुद्धा फार उशिरा मनावर घेतला. कारण सरळ आहे, डिझाईन करताना जिना म्हणजे नुसतं वजन. कॉम्प्युटरवर बिल्डिंगचं मॉडेल करताना जिन्याच्या जागी भोक सोडायचं, जिन्याचा लोड बाजूच्या बीमवर टाकायचा की झालं काम, अजूनही कित्येक ठिकाणी असंच चालतं.

प्रत्यक्षात काय होतं, तर जिन्याचा तिरपा स्लॅब दोन मजल्यांच्या मधे टेकू लावल्यासारखा उभा असतो. बिल्डिंग आडवी हलायला लागली की हा टेकू कडक असल्यामुळे जोर स्वतःकडे ओढून घेतो, आणि त्या जोरासाठी त्याच्यात सळ्या टाकलेल्याच नसतात. त्यात आपल्याकडचा नेहमीचा डॉगलेग जिना (अर्ध्यात वळून उलट दिशेने वर जाणारा) घ्या, त्याचा मधला लँडिंगचा बीम कॉलमला बरोब्बर अर्ध्यात धरतो. कॉलमची मोकळी उंची निम्मी झाली की त्याचा ताठपणा साधारण ८ पट होतो, म्हणजे बाकीचे कॉलम आरामात झुकतात आणि जिन्याजवळचा बिचारा मार खातो. जिना एका कोपऱ्यात असेल तर बिल्डिंग पिळवटते ती वेगळीच.

मग जिना वेगळाच ठेवला तर? ९ फेब्रुवारी १९७१ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडोच्या भूकंपात याचं उत्तर मिळालं. तिथलं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल अगदी नवं कोरं, जिन्याचे ४ टॉवर मुख्य इमारतीपासून थोडी फट सोडून उभे केलेले. त्यातले ३ आडवे झाले. कल्पना चुकीची नव्हती, पण वेगळा केलेला जिना स्वतःच्या पायावर उभा राहील एवढा दम त्याच्यात हवा ना.

आपल्याकडे हे कोणाला माहीतच नव्हतं असं नाही बरं का. किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षीच्या, १९९३ च्या आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात जिन्याचे ३ प्रकार दिलेत: पूर्ण वेगळा, सरकत्या सांध्याचा, आणि मजल्याबरोबर एकसंध ओतलेला. तिसरा करायचा तर जिन्याभोवती भक्कम भिंती द्या असंही सांगितलंय. आपण बांधतो तो जवळजवळ सगळीकडे तिसराच, आणि भिंती कसल्या, साध्या विटांच्या! २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किमीहून लांब असलेल्या अहमदाबादेत पार्किंगवर उभ्या केलेल्या बिल्डिंगा बसल्या तेव्हा सगळी चर्चा खालच्या मोकळ्या मजल्याची झाली (ती व्हायलाच हवी होती), पण लिफ्टच्या डक्टच्या भिंती स्लॅबला धड जोडलेल्या नसल्याने सुटल्या, हेही तिथे दिसलं होतं.

चीनमध्ये १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपाने मात्र डोळे उघडले. आरसीसी फ्रेम (कॉलम-बीमचा सांगाडा) बऱ्यापैकी उभी, आणि आतला जिना मधोमध तुटलेला असं इतक्या ठिकाणी दिसलं की जिना हिशेबात धरायची अट त्यांनी बांधकामाच्या कोडमध्येच (नियमावलीत) घातली, आणि फ्लाइटचं (पायऱ्यांच्या एका सलग टप्प्याचं) खालचं टोक नुसतं टेकवून सरकू द्यायचा प्रकार तिथे चांगलाच रुळला.

पण टोक सरकू दिलेला जिना म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका, त्यासाठी न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च बघावं लागेल. २२ फेब्रुवारी २०११, दुपारी १२:५१. फोर्सिथ बार ही १८ मजली बिल्डिंग, १९८० च्या दशकातली, भूकंपात ताठ उभी राहिली आणि आतले जिने मात्र एकावर एक कोसळत खाली गेले. दोन जिने होते, पण कात्रीसारखे एकाच डक्टमध्ये गुंफलेले, त्यामुळे एक गेला तसा दुसराही गेला. वरचे लोक अडकले, काहींना दोराने उतरवलं तर काहींना क्रेनने. चौकशीत निघालं ते जास्त विचार करायला लावणारं आहे. जिन्याच्या टोकाशी सरकायला फट ठेवलेली होती, पण काही ठिकाणी तिच्यात बांधकामाचा राडारोडा, मसाला, पॉलिस्टिरिन (थर्माकोल) जाऊन बसलं होतं. बिल्डिंग एका बाजूला झुकली तेव्हा जिना सरकायला जागाच नाही, दाबला जाऊन वाकला, लांबीला कमी झाला, आणि बिल्डिंग उलटी झुकल्यावर टेकायच्या जागेवरून सुटून खाली. वरची एक फ्लाइट खालच्या फ्लाइटवर पडली की पुढचं सांगायला नको. ३ मीटरच्या मजल्याला २ टक्के ड्रिफ्ट (वरचा मजला खालच्याच्या तुलनेत आडवा सरकणं) धरला तरी ६० मिमी हालचाल होते, दोन्ही दिशांना, म्हणजे फट आणि टेकायची जागा दोन्ही हातचं राखून ठेवायला हवं.

त्यानंतर न्यूझीलंड सरकारने अशा फट ठेवलेल्या जिन्यांची तपासणी करायला सांगितलं, अमेरिकेच्या एएससीई ७ या बांधकाम मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बाहेर पडायच्या जिन्यांसाठी स्वतंत्र कलम आलं, आणि २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या शेक टेबलवर (भूकंपासारखा हलवता येणारा प्लॅटफॉर्म) १० मजली लाकडी बिल्डिंग हलवून बघितली त्यात मजल्याबरोबर सरकू शकणारे जिने मुद्दाम बसवले होते. आपल्याकडे सोसायट्यांत अजून रंगकामाच्या वेळी दोन विंगमधली, अशीच हलायला ठेवलेली फट ‘घाण दिसते’ म्हणून सिमेंटने लिंपून टाकतात.