चांदीवरील रवाकाम

धातूचे बारीक, गोल रवे दागिन्याच्या पृष्ठभागावर डाख (जोडासाठी वितळवतात तो मिश्रधातू) दिसू न देता पक्के बसवण्याच्या कारागिरीला रवाकाम म्हणतात. नेहमीच्या पद्धतीने झाळले तर वितळलेला डाख रव्यांमधल्या फटींत शिरतो आणि नक्षी बुजते. रवाकामात प्रत्येक रवा नुसता टेकवल्यासारखा सुटा दिसला पाहिजे. ठुशीचे मणी लांबून असेच वाटतात, पण ते गुंफलेले असतात. त्याला रवाकाम म्हणत नाहीत.

ही कला फार जुनी आहे. मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत, म्हणजे इ. स. पू. २५०० च्या सुमारास, ती आढळते. इटलीतील एट्रुस्कन सोनारांनी इ. स. पू. सातव्या शतकात तिला टोकाला नेले. त्यांचे काही रवे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही बारीक आहेत. चेर्वेतेरी येथे १८३६ मध्ये उघडलेल्या थडग्यातले दागिने पाहून रोमचे कास्तेलानी हे सराफ घराणे या कामामागे लागले, पण तितकी सफाई त्यांना साधली नाही. तांब्याचा क्षार आणि डिंक वापरून रवे जोडण्याच्या रीतीचे पेटंट इंग्लंडमध्ये एच. ए. पी. लिटलडेल यांनी १९३३ मध्ये घेतले. जुने उत्तम काम बहुतेक सोन्यातले आहे. चांदीतल्या रवाकामाची आजही चालू असलेली ठळक परंपरा म्हणजे बाली बेटावरचे चेलुक हे गाव.

जोडाचे मर्म तांब्यात आहे. शुद्ध चांदी ९६१.८ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे असे मिश्रण ७७९ अंशांनाच पातळ होते. रव्यावर तांब्याचा पातळ थर असेल, तर रवा जिथे पत्र्याला टेकतो तिथे हे मिश्रण आपोआप तयार होते, वितळते आणि रव्याच्या बुडाशी ओढले जाते. रवा आणि पत्रा मात्र घट्टच राहतात. म्हणजे डाख असतोच, फक्त तो जागेवर जन्मतो आणि हवा तेवढाच जन्मतो.

रवे करण्यासाठी तारेचे एकसारखे तुकडे कोळशाच्या पुडीत थरावर थर घालून मुशीत तापवतात. चांदी वितळली की पृष्ठताणामुळे तुकड्याची गोळी होते, आणि मधल्या पुडीमुळे गोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. ०.४ मिमी जाडीच्या तारेचा तेवढ्याच लांबीचा तुकडा घेतला तर सुमारे ०.४६ मिमीचा रवा मिळतो. नवशिक्याला दिलासा देणारी गोष्ट अशी, की तुकडा दुप्पट लांब कापला गेला तरी रव्याचा व्यास जेमतेम सव्वापट होतो. त्यामुळे कापण्यातली चूक बरीचशी पोटात घातली जाते. उरलेला फरक चाळणी निस्तरते.

तांबे चढवण्याची सोपी युक्ती म्हणजे खरे तर कारागिराची एक नेहमीची चूकच आहे. तांब्याचे दागिने धुऊन निळसर झालेल्या गंधकाम्लाच्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवला, तर आतली चांदी गुलाबी होते. एरवी यावर शिव्या बसतात. इथे रवे मुद्दाम लोखंडी तारेसोबत त्यात सोडतात. मग ओल्या कुंचल्याने एकेक रवा उचलून खळीवर मांडतात. भारतीय सोनार यासाठी गुंज पाण्यात उगाळून तिची खळ वापरत आले आहेत. ज्या बीने सोने तोलायचे, तिचीच खळ. मात्र गुंज विषारी असते. मांडणी पूर्ण वाळवल्याशिवाय आच देत नाहीत, नाहीतर पाणी उकळून रवे उडतात.

आच देताना मुख्य अडचण चांदीच करते. सर्व धातूंत उष्णतेची सर्वोत्तम वाहक तीच, म्हणून एक कोपरा तापवावा म्हटले तरी सगळा पत्रा तापतो. जाळीवर ठेवून खालून तापवणे बरे पडते. वरून जोराची ज्योत मारली तर रवे सरकतात. पत्रा मंद लाल झाल्यावर क्षणभर रव्यांच्या बुडाशी ओली चमक फिरते. तीच खूण. ज्योत तत्काळ काढली नाही, तर रवे खाली बसतात आणि नक्षीच्या जागी खडबडीत डाग उरतो.

प्रयोग करणारे धातूच्या जोड्या बदलून पाहतात. ९२५ टंचाची चांदी (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबे) साधारण ८०० अंशांपासून मऊ पडते, म्हणून शुद्ध चांदीचा पत्रा आणि ९२५ चे रवे ही जोडी सुरुवातीला सोयीची. पत्राही ९२५ चा असेल तर तो खचण्याची धास्ती असते. जर्मेनियम मिसळलेली आर्जेंटियम चांदी तांब्याच्या लेपाशिवायही जुळते.

काम थंड झाल्यावर पितळी ब्रशने नक्षी जोरात घासतात. कच्चे रवे तेव्हाच गळतात, आणि मोकळ्या जागी पुन्हा रवा मांडून सगळा दागिना पुन्हा आचेवर न्यावा लागतो.