शाकाहारी धावपटू, मिश्राहारी धावपटू आणि ऐन शर्यतीत दगा देणारं पोट

केनियातल्या एल्डोरेटजवळच्या एका सराव छावणीत संशोधकांनी दहा अव्वल धावपटूंचं आठवडाभराचं खाणं अगदी वजन करून नोंदवलं होतं. राष्ट्रीय निवड चाचणी तोंडावर आली होती, म्हणजे ऐन तयारीचे दिवस. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ही मंडळी गोमांस खातात, दूध पितात, त्यामुळे हिशेबाने मिश्राहारी. पण त्यांच्या एकूण उष्मांकांपैकी ८६ टक्के वनस्पतींतून येत होते. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, भात, बटाटे, कोबी, राजमा आणि दुधाच्या चहातली साखर. नुसत्या साखरेतूनच जवळजवळ एक पंचमांश ऊर्जा! प्रथिनं जेमतेम दहा टक्के.

आता आपल्याकडचा ‘प्युअर व्हेज’ धावपटू घ्या. सकाळी दूध, दुपारी ताक, रात्री पनीर, वरणावर तूप आणि सरावानंतर व्हे प्रोटीन, जे दुधातूनच काढतात. त्याच्या ताटातला प्राणिजन्य वाटा मोजला तर तो केनियावाल्यांपेक्षा जास्तही निघू शकतो. रनिंग ग्रुपवर व्हेज-नॉनव्हेजचा वाद पेटतो तेव्हा दोन्ही बाजूंना ही गोष्ट माहीत नसते. वाद बहुधा मटणावर चालतो आणि पोटाचं गणित दुसरीकडेच सुटतं.

माझ्या मते खरा घोळ वेगळाच आहे. ‘आतड्याचं आरोग्य’ आणि ‘धावताना पोट शांत राहणं’ या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. पहिली महिनोन्‌महिन्यांच्या खाण्यावर ठरते, दुसरी शेवटच्या दोन दिवसांच्या. आणि गंमत म्हणजे दोन्हींना लागणारं खाणं एकमेकांच्या बरोबर उलट आहे. वनस्पतीजन्य आणि मिश्र आहाराची तुलना करायची तर ती या दोन्ही ठिकाणी वेगवेगळी करावी लागते.

आधी आतड्याचं आरोग्य. आपण न पचवलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, ॲसिटेट, प्रोपिओनेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. हे अस्तर धड राहिलं तर आतड्यातली घाण रक्तात झिरपत नाही. धावपटूला त्याची गरज जरा जास्तच, कारण जोरात धावताना पोटाकडे जाणारा रक्तपुरवठा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. रक्त पायांकडे आणि घाम यावा म्हणून त्वचेकडे वळतं, आतडं तेवढा वेळ उपाशी राहतं आणि त्याच्या पेशींना इजा होते. उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना ती वाढते. लांब पल्ल्याच्या खेळाडूंपैकी ३० ते ५० टक्के जणांना पोटाच्या तक्रारी होतात त्या बऱ्याच अंशी यातून.

चोथ्याचा विचार केला तर इथे वनस्पतीजन्य आहार उघडच पुढे आहे. आहार बदलला की जिवाणू किती लवकर बदलतात हे २०१४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं. तीच माणसं पाच दिवस फक्त वनस्पतीजन्य खात होती आणि वेगळे पाच दिवस फक्त मांस, अंडी, चीज. प्राणिजन्य खाण्याच्या दिवसांत पित्तात तग धरणारे जिवाणू वाढले आणि चोथा आंबवणारे कमी झाले, तेही एकदोन दिवसांत. त्या गटात एकजण जन्मापासूनचा शाकाहारी होता. विज्ञानासाठी त्यानेही पाच दिवस मांसाहार केला. आपल्याकडे घरी कळलं असतं तर काय झालं असतं, तो विषय वेगळा.

पण या प्रयोगातला प्राणिजन्य आहार म्हणजे जवळजवळ शून्य चोथा. असं कुठला मिश्राहारी जेवतो? मटणाबरोबर भाकरी असते, कांदा असतो, भात असतो. म्हणून मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ‘अमेरिकन गट’ (इंग्रजी ‘गट’, म्हणजे आतडं) प्रकल्प. २०१८ मध्ये त्यांनी दहा हजारांहून जास्त लोकांचे नमुने तपासून सांगितलं की आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जिवाणूंची विविधता जास्त असते. माणूस स्वतःला व्हीगन (म्हणजे दूध-अंडंही न खाणारा) म्हणवतो की मिश्राहारी, यापेक्षा हा आकडा जास्त बोलका ठरला.

तीस ऐकून दचकायला होतं, पण भाजणीचं एक थालीपीठ मोजून बघा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे. वर कांदा, कोथिंबीर, तीळ. धणे-कोथिंबीर एकाच रोपाची धरली तरी एका तव्यावर दहा प्रकार झाले. उलट पोळी, बटाट्याची भाजी, चहा-बिस्किट आणि फरसाण यांवर आठवडा काढणारा माणूस मासळीच्या वाऱ्यालाही उभा राहत नसेल, तरी त्याचे जिवाणू उपाशीच. मालवणात रोज बांगडा खाऊन सोबत सोलकढी, भात, लाल माठ, कुळथाची पिठी जेवणारा त्याच्यापेक्षा सरस ठरेल.

जिवाणू आणि धावण्याचा थेट संबंध शोधणारं एक काम बरंच गाजलं. २०१५ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या विष्ठेचे नमुने शर्यतीच्या आधी आणि नंतर काही दिवस घेतले. शर्यतीनंतर व्हेलोनेला नावाचा जिवाणू वाढलेला दिसला. हा जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट खातो आणि त्याचं प्रोपिओनेट करतो. तो उंदरांना दिला तेव्हा ते ट्रेडमिलवर १३ टक्के जास्त वेळ धावले. २०१९ मध्ये हे छापून आलं आणि मग ‘विजेत्यांचे जिवाणू’ विकायचे बेत सुरू झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता शर्यतीचं पोट. इथे पारडं फिरतं. जो चोथा वर्षभर आतड्याला पोसतो, तोच शर्यतीच्या पहाटे त्रास देतो. मटकीची उसळ, राजमा, छोले, चवळी यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. कांदा, लसूण आणि गव्हातल्या फ्रुक्टान या शर्करेचंही तेच. त्या मोठ्या आतड्यात जातात, पाणी ओढतात, गॅस करतात. एरवी यात काही वाईट नाही. पण रक्तपुरवठा आटलेला आणि प्रत्येक पावलागणिक पोट हिंदकळणारं असताना तोच गॅस १५ व्या किलोमीटरला माणसाला फिरतं स्वच्छतागृह शोधायला लावतो. ज्यांचं पोट धावताना नेहमी बिघडतं अशा अकरा धावपटूंना सहा दिवस अशा शर्करा कमी असलेलं खाणं दिलं, तेव्हा नऊ जणांना आराम पडला. प्रयोग छोटा आहे, पण अनुभवी धावपटूंच्या सवयीशी जुळणारा आहे.

म्हणून शेवटचे एकदोन दिवस शाकाहारी धावपटूनं, आणि व्हीगननं तर नक्कीच, ठरवून ‘बेचव’ जेवावं. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, सोललेला उकडलेला बटाटा, इडली, पिकलेलं केळं. साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च, चोथा नावालाच. एरवी आहारतज्ज्ञ त्याच्यावर नाक मुरडतात, पण इथे तो कामाचा. फक्त तूप आणि दाण्याचं कूट आवरा, कारण स्निग्धांशाने जठर उशिरा रिकामं होतं. मोड आलेली कडधान्यं, कच्ची कोशिंबीर, बाजरीची भाकरी शर्यतीनंतर.

मिश्राहारी इथे सुटतो का? थोडासा. अंडं, मासा, चिकन यांत चोथा नसतो, त्यामुळे चोथा कमी करूनही त्याचं प्रथिनांचं भागतं. पण आदल्या रात्री तांबडा-पांढरा ओरपणाऱ्यानं खूश होऊ नये. रश्शाचं वाटण म्हणजे कांदा, लसूण आणि खोबरं, वर तेलाचा तवंग. पचायला वेळ लागणारं प्रथिन, स्निग्धांश आणि नेमक्या त्याच त्रासदायक शर्करा, सगळं एका वाटीत. आणि दोघांनाही सांगायची एक गोष्ट: धावण्याआधी ‘सेफ्टी’ म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाची गोळी आतड्याच्या अस्तराची इजा वाढवते. जेवणावर तासभर वाद घालणारे लोक ही गोळी मात्र शेंगदाण्यासारखी तोंडात टाकतात.

धावायला सुरुवात झाली की हा फरकच मिटतो. शर्यतीत जे पोटात जातं ते दोघांचंही जवळपास सारखं असतं: साखर, मीठ, पाणी, केळं, खजूर, जेल (पुडीतला साखरेचा घट्ट पाक). आतड्यात ग्लुकोज आत घेणारा दरवाजा वेगळा आणि फ्रुक्टोजचा वेगळा. एकट्या ग्लुकोजच्या दरवाजातून तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातात, उरलेलं बाहेर तुंबून मळमळ होते. दोन्ही साखरा एकत्र घेतल्या तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. मात्र त्याची सवय करावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या प्रयोगांत दोन आठवडे धावताना रोज असं खायला लावल्यावर पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. म्हणजे ज्यानं लाँग रनमध्ये जेल कधी उघडलंच नाही, त्याचं पोट व्हेज असो की नॉनव्हेज, शर्यतीत रुसणारच. खजूर सोयीचा, पण त्यातही चोथा असतो. हाफ मॅरेथॉनला दोनचार ठीक, त्यावर ४२ किलोमीटर काढू नयेत.

वेगाचं काय? इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही, कारण फरक सापडत नाही. १९८७ मध्ये पश्चिम जर्मनीत २० दिवसांत १००० किलोमीटरची शर्यत झाली. शाकाहारी आणि नेहमीचं पाश्चात्त्य जेवणारे अशा दोन्ही गटांतले साधारण निम्मे लोक शेवटपर्यंत पोचले. स्टॅनफर्डच्या २०२२ च्या प्रयोगात हौशी खेळाडूंनी चार-चार आठवडे आलटून पालटून तीन आहार घेतले: साध्या वनस्पतीजन्य पदार्थांचा, वनस्पतींपासून बनवलेल्या नकली मांसाचा आणि खऱ्या मांसाचा. धावपटूंची बारा मिनिटांची चाचणी तिन्ही वेळा जवळपास सारखीच. व्हीगन स्कॉट जुरेकनं कॅलिफोर्नियातली १०० मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत १९९९ ते २००५ अशी सलग सात वेळा जिंकली, तशीच मांस खाणाऱ्यांनीही ती जिंकली आहे. लांब पल्ल्याला स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर लागते, ते कर्बोदकांतून येतं, आणि भात कुणाच्याही ताटात असतो.

वनस्पतीजन्य आहाराचा एक तोटा मात्र हळूच येतो. चोथ्यानं पोट लवकर भरतं, त्यामुळे आठवड्याला ७०-८० किलोमीटर धावणारा माणूस नकळत कमी खातो. वजन उतरतं, सगळे कौतुक करतात. मग झोप बिघडते, हाडं दुखतात, बायकांची पाळी लांबते किंवा थांबते. यात दोष शाकाहाराचा नसतो, कमी खाण्याचा असतो. जड सरावाच्या दिवशी ज्वारीच्या भाकरीऐवजी पांढरा भात आणि गुळाची पोळी खाल्ली तर पाप लागत नाही.

खरी दरी दिसते ती रक्ततपासणीच्या कागदावर. मांसातलं लोह साधारण १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, पालेभाजी-डाळींतलं बऱ्याचदा त्याच्या निम्मंही नाही. धावपटूला लोह जास्त लागतं, कारण तळपाय आपटून तांबड्या पेशी फुटतात आणि आतड्यातूनही थोडं रक्त जातं. त्यात आणखी एक गोम: जोराच्या व्यायामानंतर तीन ते सहा तास हेप्सिडिन हे संप्रेरक चढलेलं असतं आणि ते लोहाचं शोषण अडवतं. म्हणजे सकाळी सहाला धावून आल्यावर दहा-अकरा वाजता अळिवाचा लाडू खाणं ही वेळ चुकीची. धावून आल्याआल्या खा, लिंबू पिळा आणि चहा तासभर पुढे ढकला. जेवणाबरोबरचा कपभर चहा वनस्पतीजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटवतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनी पोट बिघडतं ते वेगळंच.

बी-१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर आपण महाराष्ट्रातले लोक अभ्यासाचाच विषय आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण आणि शहरी अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहाऱ्यांमध्ये धोका स्पष्टपणे जास्त होता. दूध-दह्यातून ते मिळतं, पण भागेलच असं नाही. व्हीगन माणसाला गोळीशिवाय मार्ग नाही. मिश्राहारी म्हणवणाऱ्यांनीही फुशारकी मारू नये. श्रावण, चातुर्मास, सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी वगळून उरलेल्या दिवसांत किती वेळा मासळी-मटण होतं, ते कॅलेंडरवर खुणा करून बघा.

कुणाला पूर्ण वनस्पतीजन्य आहाराकडे वळायचं असेल तर जरूर वळावं. पण चोथा अचानक दुप्पट झाला की पहिले काही आठवडे पोट फुगतं, गॅस होतो, आणि जिवाणूंची घडी बसेपर्यंत लाँग रन वाया जातात. त्यामुळे जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असेल तर हा बदल डिसेंबरात करू नका, फेब्रुवारीत करा.