गवा जीपला का भीत नाही?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलात जीप सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आली की गाइड पहिलं काम करतो ते इंजिन बंद करायला सांगण्याचं. कडेला कारवीच्या झुडपांना लागून गव्यांचा कळप चरत असतो. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी जवळजवळ सहा फूट उंच, वजन हजार किलोच्या घरात, आणि गुडघ्याखालचे पाय पांढरेशुभ्र. मागच्या सीटवरची पोरं "पप्पा, त्यो बघा केवढा!" म्हणून उठून उभी राहायला बघतात, आज्जी त्यांना दंडाला धरून खाली बसवते. गवा एकदा मान वर करतो, जीपकडे रोखून बघतो आणि पुन्हा गवताला लागतो. पण याच अंतरावर तुम्ही चालत गेलात, तर हाच कळप कारवी मोडत केव्हाच पसार झाला असता.

"त्याला जीप म्हणजे एकच मोठं जनावर वाटतं, आतली माणसं दिसत नाहीत," असं आपल्याला सांगतात. हे अर्धंच खरं आहे. गाय-म्हशीच्या या कुळाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते, त्यामुळे पाठीमागचा थोडा भाग सोडला तर चहूबाजूंचं एकाच वेळी दिसतं. लाल आणि हिरव्या रंगातला फरक त्यांना नीट कळत नाही. पण हालचाल टिपण्यात ते पटाईत. लाल टी-शर्टापेक्षा खिडकीतून बाहेर काढलेला हात जास्त खुपतो, तो यामुळेच. कान आपल्यापेक्षा तिखट. माणसाला २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गायीला ३५,०००च्या आसपास. गव्याचे कान काही वेगळे असायचं कारण नाही. नाकाबद्दल तर बोलायलाच नको. जीपमध्ये माणसं आहेत आणि त्यांनी चिवड्याचं पाकीट फोडलंय, हे त्याला कळत नसेल असं समजणं म्हणजे आपलाच भाबडेपणा.

मग तो पळत का नाही? कारण पळणं महाग पडतं. गवताची पानं म्हणजे निकस खाणं. एवढं धूड पोसायचं तर दिवसातले कितीतरी तास चरण्यात आणि रवंथ करण्यात घालवावे लागतात. प्रत्येक खुट्ट आवाजाला जो धूम ठोकेल तो उपाशी मरेल, आणि जो कधीच पळणार नाही तो वाघाच्या तोंडी जाईल. बाझेल आणि झुरिक इथल्या प्राणिसंग्रहालयांचे संचालक राहिलेले स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यातला हिशेब मांडला. प्रत्येक प्राण्याचं प्रत्येक शत्रूसाठी एक पलायन-अंतर असतं. त्याच्या आत शत्रू आला की प्राणी पळतो. पळायला वाट नसेल आणि शत्रू आणखी जवळ आला, तर तो उलटून अंगावर येतो.

हे अंतर कमी-जास्त होतं, ते शिकलेलं असतं, आणि ही गोष्ट कोल्हापूरच्या जुन्या शिकाऱ्यांना हेडिगरच्या आधीपासून ठाऊक होती. संस्थानकाळात इथे काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. पुढे ते आफ्रिकेतूनही आणले गेले. देशभर या शिकारीची जुनी रीत अशी, की डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीत बसवायचा आणि गाडी माळावर हाकायची. शेतकऱ्यांच्या गाड्या रोज बघून बघून काळविटांना त्यांचं काही वाटत नसे. तरीसुद्धा गाडीवान कधी सरळ कळपावर गाडी घालत नसे. तिरका, वळसे घेत, जणू दुसरीकडेच निघालोय अशा थाटात तो अंतर कमी करत आणायचा. आज प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे हेच मोजून दाखवतात: सरळ अंगावर येणाऱ्यापासून प्राणी सहसा लवकर पळतो, बाजूने जाणाऱ्याला जास्त जवळ येऊ देतो. काळविटांचा अंदाज चुकला नव्हता. बैलगाडी निरुपद्रवीच होती, फक्त त्या दिवशी आत चित्ता होता.

सरावाने भीती बोथट होते तेव्हा मज्जातंतूंमध्ये नेमकं काय होतं, हे एका समुद्री गोगलगायीने दाखवून दिलं. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी अॅप्लिसिया नावाच्या या जिवाच्या पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीला हलका स्पर्श केला, की ती कल्ला आत ओढून घ्यायची. पुन्हा पुन्हा स्पर्श केल्यावर हळूहळू ओढेनाशी झाली. संवेदना वाहणारी पेशी पुढच्या पेशीकडे संदेशाचं रसायन कमी कमी सोडत होती. मात्र शेपटीला विजेचा एक झटका दिला, की तोच हलका स्पर्श पुन्हा जोरदार प्रतिक्रिया उमटवायचा. या कामाबद्दल कँडेल यांना २०००चं नोबेल वाटून मिळालं. गव्याचा मेंदू कितीतरी गुंतागुंतीचा, पण त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सराव होतो तो ठरावीक गोष्टीचाच. जीपचा सराव म्हणजे माणसाचा सराव नव्हे. दार उघडून कुणी खाली पाय ठेवला, की गव्यापुढे नवी गोष्ट उभी राहते आणि हिशेब पहिल्यापासून सुरू होतो.

गाडीत बसून प्राणी बघायची उद्यानं याच सरावावर चालतात. इंग्लंडमधल्या लाँगलीट इथे १९६६मध्ये सिंहांच्या मोकळ्या आवारातून लोकांच्या मोटारी सोडल्या गेल्या. आफ्रिकेबाहेरचं हे असं पहिलं उद्यान. तिथे 'काचा वर, दारं बंद' हा नियम असतो तो उगाच नाही. २०१६मध्ये बीजिंगजवळच्या बादालिंग उद्यानात एक बाई गाडीतून उतरून पलीकडच्या दाराकडे गेल्या, तेवढ्यात वाघाने त्यांना ओढलं. त्या वाचल्या, सोडवायला धावलेल्या त्यांच्या आई गेल्या.

खिडकीतून खायला घालणं हा आणखी वेगळा प्रकार. तिथे भीती नुसती जात नाही, तिच्या जागी हाव येते. आंबोली घाटात गाडी थांबली की बॉनेटवर उडी मारणारी माकडं आपणच तयार केली आहेत.

दाजीपूरला परत येऊ. नर गवा जीपला आडवा उभा राहिला, मान ताठ, पाठीवरचा उंचवटा दाखवत, की लोक म्हणतात, "बघ, पोज देतोय." खरं तर नर एकमेकांना दम देतात तेही असंच, आपलं अख्खं धूड दाखवून. त्यात नाकातून जोरात फुस्स केलं, तर अंतर संपत आलंय. अशा वेळी शहाणा ड्रायव्हर पोरांच्या फोटोंची वाट बघत नाही, गाडी काढतो.

डिसेंबर २०२०मध्ये पुण्यात कोथरूडला वाट चुकलेल्या गव्याला अंतर ठेवायला जागाच उरली नाही. भोवती गर्दी, पुढे भिंती. धावपळ आणि बेशुद्धीच्या इंजेक्शनानंतर तो मेला. जिवाच्या आकांताने धावताना स्नायूंत आम्ल साठतं, अंग तापतं, स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. म्हणूनच पाठलागातून सुटलेलं जनावर कधी कधी दोन-चार दिवसांनीही दगावतं. पुढच्याच वर्षी गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले, आणि शहराजवळ त्यांच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला.