एक चित्र, सहा नावे

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत एका पानावर 'बंद झडप तपासा' असे छापलेले असते. दहा पाने उलटली की तोच भाग 'रोधक झडप' होतो. दुरुस्ती करणारा दोन वेगळे भाग शोधत बसतो. शिवाय 'बंद झडप' म्हणजे प्रवाह बंद करणारी झडप की सध्या बंद असलेली, हा घोळ वेगळाच. तोच माल अनेक भाषांत विकायचा तर प्रत्येक भाषेत असे घोळ होतात, म्हणून संज्ञांचे व्यवस्थापन हे आज स्वतंत्र काम झाले आहे. त्याचा पाया मात्र प्रामुख्याने इंजिनिअरांनी घातला.

विजेची यंत्रे देशोदेशी जाऊ लागली तशी नावांची गल्लत वाढली. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ती निस्तरण्यासाठी कायमची व्यवस्था हवी असे सुचवले आणि १९०६ मध्ये लंडनमध्ये आयईसी हा आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी जर्मनीत आल्फ्रेड श्लोमान यांच्या सचित्र तांत्रिक कोशमालेचा पहिला खंड निघाला. त्याची मांडणी अकारविल्हे नव्हती, विषयवार होती: भागाचे चित्र आणि त्याच्या शेजारी सहा भाषांतली नावे. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शब्दावरून शब्दाकडे जाताना अनुवादक हमखास घसरतो. वस्तूच समोर असली की पाय रोवायला जागा मिळते.

ऑस्ट्रियाचे इंजिनिअर ऑयगेन व्युस्टर यांनी या विचाराला शास्त्राची बैठक दिली. तांत्रिक भाषेच्या प्रमाणीकरणावरचा त्यांचा प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी संकल्पना निश्चित करा, तिची व्याख्या लिहा, मग प्रत्येक भाषेतली संज्ञा ठरवा, हा त्यांचा आग्रह. पुढे १९३६ मध्ये आयएसए या प्रमाणीकरण संघटनेने परिभाषेसाठी ३७ क्रमांकाची समिती नेमली. महायुद्धात काम थांबले. नंतर आयएसएच्या जागी आलेल्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने ते हाती घेतले तेव्हा समितीचा क्रमांक तोच ठेवला.

१९७० च्या दशकात हे काम संगणकावर आले. कॅनडात टर्मियम आणि युरोपीय समुदायात युरोडिकॉटम या संज्ञापेढ्या, म्हणजे संज्ञांचे संगणकीय साठे, उभ्या राहिल्या. युरोडिकॉटमची जागा पुढे आयएटीईने घेतली. २००७ पासून ती सर्वांना खुली आहे. वेगवेगळ्या प्रणालींत नोंदींची देवघेव व्हावी म्हणून २००८ मध्ये टीबीएक्स या संज्ञा-नोंदींच्या फाइल-स्वरूपाला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला.

कंपन्यांकडे हे लोण आले, पण अर्धेच. अजूनही पुष्कळ ठिकाणी संज्ञांची यादी अनुवाद संपल्यावर, तक्रारी आल्या की जमवायला घेतात. नीट ठेवलेल्या नोंदीत वर संकल्पनेची व्याख्या असते, खाली भाषावार संज्ञा आणि प्रत्येकीपुढे शेरा: 'हीच वापरा', 'चालेल', 'वापरू नका'. 'बंद झडप'पुढे हा तिसरा शेरा मूळ मजकूर लिहायला घेण्याआधीच पडायला हवा होता.