कंटाळा कामाचा की माणसाचा?

पोराला लातूरला ठेवलं, ट्यूशन एरियात खोली करून दिली, आणि महिनाभरात घरी फोन आला की ‘इथं करमंना’. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत याचा निकाल तिथल्या तिथं लागतो. बाप म्हणतो, आळशी आहे. मामा म्हणतो, आधी मोबाइल काढून घ्या. ज्यांना कशाचाही पटकन कंटाळा येतो अशा माणसांबद्दल मानसशास्त्र गेली शंभरेक वर्षं जे शोधतंय, ते या निकालाशी फारसं जुळत नाही. पण निकाल मात्र खूप जुना आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या इव्हॅग्रिअस नावाच्या ख्रिस्ती साधूने भरदुपारी छळणाऱ्या एका सैतानाबद्दल लिहून ठेवलंय. तो आला की सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का याची वाट पाहतो. खोली नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, दुसरीकडे गेलो तर बरं होईल असं वाटायला लागतं. मे महिन्यातली बीड-परभणीकडची दुपार ज्याने काढली आहे, त्याला हे काही नवीन नाही. पुढे ख्रिस्ती परंपरेने ही अवस्था आळसाच्या पापात जमा केली आणि विषय मिटवला. आपल्याकडे जालना जिल्ह्यातल्या जांबच्या समर्थांनीही आळसाची गय केलेली नाही.

हा विषय पापपुण्यातून बाहेर पडला तो कारखान्यांमुळे. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हा जर्मन मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत हार्वर्डला शिकवत होता. कामगारांच्या मानसशास्त्रावरचं त्याचं इंग्रजी पुस्तक 1913 साली आलं. त्यात विजेच्या दिव्यांच्या कारखान्यातली एक बाई आहे. दिवे पातळ कागदात गुंडाळायचे, एवढंच तिचं काम. दिवसाला सरासरी 13,000 दिवे, आणि तेही 12 वर्षं. कंटाळ्याचं बक्षीस द्यायचं तर हिलाच द्यावं, असं त्याला वाटलं होतं. तिला विचारलं तर ती म्हणाली, काम चांगलं आहे, मन रमतं. उलट, बघणाऱ्याला ज्यांचं काम भरपूर विविधतेचं वाटावं असे लोक त्याच्यापाशी एकसुरीपणाची तक्रार करत होते. कंटाळा कामात असतो की माणसात, हा प्रश्न इथं नीट उभा राहिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची साक्ष त्या बाईचीच. पुढच्या कित्येक चाचण्यांनी तिला विचारायचं टाळलं.

दुसऱ्या महायुद्धात पारडं पुन्हा कामाकडे झुकलं. रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा निसटत होत्या. नॉर्मन मॅकवर्थने इंग्लंडमध्ये घड्याळासारखी तबकडी करून त्यावर प्रयोग केले. काटा टिकटिक पुढे जातो, मधूनच एकदम दुप्पट उडी मारतो, ती उडी हेरायची. पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली पडू लागते, असं त्यातून दिसलं. ज्वारी हुरड्यात आल्यावर गोफण घेऊन माळ्यावर पाखरं राखणाऱ्याचं काम याच जातीचं. बराच वेळ काहीच होत नाही, आणि डोळा लागला की थवा उतरतो.

1950 च्या दशकात कॅनडातल्या मॅक्‌गिल विद्यापीठात विद्यार्थ्यांना दिवसाला 20 डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या. त्या काळी हे पैसे चांगले होते, तरी बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे निभावलं नाही. अशाच प्रयोगांत काम करणाऱ्या मार्विन झुकरमनला दिसलं की सगळे सारखे वैतागत नाहीत. त्यातून त्याने थराराची ओढ मोजणारी प्रश्नावली बनवली. तिचाच एक भाग पुढे ‘लवकर कंटाळणं’ मोजू लागला.

रिचर्ड फार्मर आणि नॉर्मन संडबर्ग यांनी 1986 मध्ये 28 विधानांची स्वतंत्र चाचणी काढली, आणि कंटाळखोरपणा हा मोजता येणारा स्वभावविशेष ठरला. जास्त गुण मिळवणाऱ्यांत नैराश्य, चिंता, उतावळेपणा, जुगाराचा नाद जास्त आढळतो, असे अभ्यास मग निघत राहिले. संबंध आढळला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. शिवाय ही 28 विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का, यावरच वर्षानुवर्षं वाद चालला. 2017 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ती छाटून 8 वर आणली.

त्याच देशात जॉन ईस्टवूड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलं की कंटाळा ही लक्षाची अडचण आहे: मन कशात तरी गुंतवायचं असतं, पण ते गुंतत नाही. आळसाच्या आरोपाला इथंच सुरुंग लागतो, कारण आळशाला मुळात काही करायचंच नसतं. जेम्स डँकर्ट यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. कंटाळखोर माणसं पर्याय तोलत बसतात, पाऊल मात्र उचलत नाहीत. अभ्यासिकेत असा एखादा सापडतोच. फिजिक्सचं पुस्तक उघडतो, मिटतो, केमिस्ट्रीचं काढतो, शेजाऱ्याच्या नोट्स आपल्यापेक्षा बऱ्या का ते बघतो, टाइमटेबल नव्याने आखतो आणि चहाला उठतो. सहा तास बसून पानं दोन. या पोराला ‘बस आणि वाच’ म्हणून काही होत नाही, तो बसलेलाच आहे. ‘चहाच्या आधी या पानावरचं तिसरं गणित सोडव’ असं सांगितलं तर निदान निवडीचं ओझं तरी उतरतं.