दहाव्याला घरी ठेवलेली मुलं आणि लपवलेली डबी

बाप जाऊन चार दिवस झालेत आणि पोरगा बिल्डिंगखाली क्रिकेट खेळतोय. गॅलरीतून बघणाऱ्या शेजारच्या काकूंचं मत ठरलेलं असतं : "लहान आहे हो, त्याला काय कळतंय!" रात्री तोच पोरगा आईला चिकटून विचारतो, बाबांना तिकडे थंडी वाजत असेल का? उत्तर यायच्या आत झोपूनही जातो. सकाळी पुन्हा बॅट.

त्याला कळतंय, पण तुकड्यातुकड्यानं. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या संशोधनाचा १९८४मध्ये आढावा घेतला, तेव्हा मृत्यूच्या समजेचे तीन वेगळे भाग पुढे आले : गेलेलं माणूस परत येत नाही, त्याच्या शरीराची सगळी कामं थांबतात आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना हे तिन्ही उमगतात, पण एकाच दिवशी नाही. थंडीबद्दल विचारणाऱ्या मुलाला बाबा परत येणार नाहीत हे कळलेलं असतं. त्यांना आता थंडी वाजूच शकत नाही, हे अजून पटायचं असतं.

राहता राहिलं क्रिकेट. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठातले मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९मध्ये मांडलेलं प्रारूप इथे उपयोगी पडतं. शोकातलं माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतं : कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडणं, कधी पुढच्या आयुष्याची घडी बसवणं. ही ये-जा म्हणजे पळवाट नव्हे, सावरण्याची तीच रीत आहे. मोठ्यांमध्ये ती सावकाश चालते. मुलांमध्ये इतक्या झपाट्यानं की बघणाऱ्याला ती निगरगट्ट वाटतात. ब्रिटनमध्ये अशा मुलांसोबत काम करणारे लोक याला डबक्यात उडी मारणं म्हणतात. मूल दुःखाच्या डबक्यात धपकन उडी मारतं, भिजतं आणि लगेच बाहेर येऊन पळत सुटतं. आपण मोठे मात्र नदीत उतरल्यासारखे उतरतो, आणि मुलानंही तसंच उतरावं अशी अपेक्षा धरतो.

नदीवरून आठवलं. नाशिकला शोकाची सवय आहे. रामकुंडावर कुठल्याही सकाळी जा, कुठून कुठून आलेली माणसं अस्थींचं गाठोडं घेऊन पायऱ्या उतरताना दिसतील. दहाव्याचे पिंड मांडलेले, कावळा शिवायची वाट बघत ताटकळलेले नातेवाईक, कोणीतरी हळूच "त्यांची काही इच्छा राहिली होती का" असं पुटपुटतंय. या विधींवर श्रद्धा असो-नसो, मानसशास्त्राच्या नजरेनं त्यांची रचना हुशारीची आहे. हाताला काम मिळतं, दिवस मोजून दिलेले असतात, चार माणसं जमतात आणि दुःख करायला एक ठरलेली जागा असते. फक्त या सगळ्यात मूल नसतं. "त्याला कशाला तिकडे नेता" म्हणून ते शेजाऱ्यांकडे, टीव्हीसमोर. घरातला सगळ्यात लहान शोकाकुल माणूस, आणि त्याच्याच हाताला काम नाही.

म्हणून मला जिओकॅशिंगबद्दल लिहावंसं वाटलं. वरवर बघता हा नुसता खेळ आहे. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे लोक फोन किंवा जीपीएस यंत्र घेऊन ती शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबी होती तशी परत ठेवतात. आत चिल्लर खजिना असतो, गोटी, बिल्ला, छोटी गाडी. एखादी वस्तू घ्यायची तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची.

याची जन्मवेळही पक्की माहीत आहे. अमेरिकेनं नागरी वापराच्या जीपीएस संकेतात मुद्दाम घोळ घालून ठेवला होता, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनी चुकायची. मे २०००च्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं तो घोळ बंद झाला आणि एका रात्रीत जगभरातली यंत्रं सुधारली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या संगणक तज्ज्ञानं ओरेगॉन राज्यातल्या जंगलात एक काळी बादली लपवली. आत पुस्तकं, गलोल, घेवड्याचा डबा असलं काहीबाही, सोबत वही-पेन्सिल. आज जगभरात अशा तीस लाखांहून जास्त जागा नोंदलेल्या आहेत. अगदी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातसुद्धा एक आहे!

फोनला जागा कळते कशी, हे मुलांना सांगायला मजा येते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट ओरडत असतो : मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. ती हाक फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. उशीर किती झाला त्यावरून अंतर काढायचं. अक्षांश, रेखांश आणि उंची यांसाठी तीन उपग्रह पुरतील असं वाटतं, पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक काढायला चौथा लागतो. एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर ३०० मीटरनी चुकतं. त्यात आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसाकाठी दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल. म्हणजे सीबीएसवर, शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, शोधायला निघालेला माणूस नाशिकरोडच्याही पलीकडे पोचेल.

इतकं सगळं करूनही फोन तुम्हाला नेमक्या डबीवर नेत नाहीच. उघड्या मैदानात चूक पाच मीटरच्या आसपास राहते. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या बोळात मात्र उपग्रहांच्या लहरी भिंतींवर आपटून वाकड्या वाटेनं येतात आणि फोन खुशाल शेजारच्या आळीत उभं करतो. पावसाळ्यात ढगांचा फारसा त्रास नसतो, ओल्या पानांचा असतो. स्क्रीनवर अंतर शून्य दिसतंय आणि समोर तर नुसतं झुडूप! इथून पुढे यंत्राचा उपयोग संपतो. वाकून बघायचं, दगड उचलून बघायचा, "इथे मी असतो तर कुठे लपवली असती" असा विचार करायचा. या कामात आठ वर्षांचं पोर चाळिशीच्या माणसाला हमखास हरवतं. ज्या घरात गेले कित्येक दिवस सगळे त्याच्याकडे कीव करत बघताहेत, तिथे ते अचानक तरबेज ठरतं.

आता मेंदूकडे वळू. जागा आणि आठवण यांचं मेंदूतलं बिऱ्हाड एकच आहे. जॉन ओकीफ यांना १९७१मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या ठराविक जागी आल्यावरच पेटतात. पुढे मोझर दांपत्यानं शेजारच्याच भागात जागेचं जाळं आखणाऱ्या पेशी शोधल्या आणि तिघांना २०१४चं नोबेल मिळालं. माणसाला घडलेल्या प्रसंगांची आठवण राहते ती याच हिप्पोकॅम्पसच्या जोरावर. ठरलेल्या बाकापाशी गेलं की आजोबा आठवतात, यात काव्य कमी आणि शरीररचना जास्त आहे.

याहून विलक्षण शोध २०१३चा, मोझर यांच्याच प्रयोगशाळेतला. उंदराच्या पिंजऱ्यात एक वस्तू ठेवली, मग काढून घेतली. काही पेशी वस्तू असताना गप्प होत्या, पण ती नाहीशी झाल्यावर तिच्या रिकाम्या जागी उंदीर आला की पेटायला लागल्या, आणि पुढचे अनेक दिवस पेटत राहिल्या. उंदराची वस्तू आणि मुलाचे वडील एका तराजूत घालता येणार नाहीत, हे उघड आहे. तरी शोकाचा मेंदूच्या अंगानं अभ्यास करणाऱ्या मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या प्रयोगाचा आवर्जून उल्लेख करतात. त्यांचं म्हणणं असं की जवळचं माणूस कुठे, केव्हा भेटेल याचा नकाशा मेंदूनं वर्षानुवर्षं गिरवलेला असतो. माणूस गेलं तरी नकाशा तोच राहतो, आणि शोक म्हणजे तो सावकाश नव्यानं शिकणं. संध्याकाळी सातला स्कूटरचा आवाज आला की दाराकडे धावणारं मूल वेडं नसतं, त्याचा नकाशा अजून जुना असतो.

पूर्वी शोकाचा शेवट म्हणजे नातं तोडून मोकळं होणं, असं मानसशास्त्रातही मानत. हे मत बदलायला बॉस्टनमधल्या एका अभ्यासाचा मोठा हात आहे. हार्वर्डशी जोडलेले फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांशी दोन वर्षं वेळोवेळी बोलून बघितलं. मुलं नातं तोडत नव्हती, त्याची नव्यानं मांडणी करत होती. गेलेल्या माणसाला कुठेतरी, बहुधा स्वर्गात, जागा नेमून देत होती, त्याच्याशी बोलत होती, त्याची एखादी वस्तू जपत होती.

यासाठी आपल्याला बॉस्टनला जायचीही गरज नाही. पांडवलेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी वारलेला, नातू पुळुमावीच्या राज्याचं १९वं वर्ष चालू, आणि ही म्हातारी आई डोंगरात लेणं कोरवून भिक्षूंना दान देते. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो हा, असं मुलाचं वर्णन करते. एवढ्या पराक्रमांच्या यादीत मध्येच एक विशेषण येतं : आईची अखंड सेवा करणारा. इतिहासकार त्या लेखात राज्याच्या सीमा वाचतात. मला तिथे मुलाच्या आठवणीला जागा नेमून देणारी आई दिसते.

तर समजा, गंगापूर रोडला राहणारी नऊ वर्षांची मुलगी आहे. रोज सोमेश्वरला फिरायला नेणारे आजोबा गेलेत. मामा तिला म्हणतो, आजोबांच्या नावानं एक डबी लपवूया. जेवणाच्या डब्यातली छोटी, घट्ट झाकणाची निवडायची, आत वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. शाई ओलीनं पसरते, म्हणून पेन्सिल. मग पहिला प्रश्न : कुठे? आजोबा कुठे बसायचे, कुठे शेंगदाणे घ्यायचे, कुठल्या चढावर दम खायचे, हे आता तिलाच ठरवायचंय. कोणी तिला "बोल ना बाळा, मोकळी हो" असं समोर बसवून म्हटलेलं नाही. दोघं शेजारी चालताहेत, नजर फोनवर आणि रस्त्यावर, आणि बोलणं आलं तर येतंय. नाही आलं तरी फिरणं झालंच. डबक्यात शिरायची आणि बाहेर यायची दोन्ही दारं उघडी आहेत. पुढे अनोळखी लोक डबी शोधतात, वहीत "इथून नदी छान दिसते" असं काहीतरी लिहितात, आणि आजोबांची आवडती जागा तिच्यामुळे आणखी कुणाला तरी माहीत होते. स्मृतीसाठी अशी डबी ठेवण्याची चाल या खेळातल्या लोकांमध्ये चांगली रुळलेली आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. आजोबांचा खरा चष्मा, खरं घड्याळ त्या डबीत ठेवू देऊ नका. डब्या हरवतात, माकडं नेतात, पुरात वाहून जातात. एकदा माणूस गमावलेल्या मुलाला त्याची वस्तूही गमवायला लावणं क्रूर होईल. आत फोटोची प्रत, तिनं काढलेलं चित्र ठेवा. मूळ वस्तू घरीच बरी.

बाकी नियमही सरळ आहेत. जमीन खणायची नाही, जागेच्या मालकाची किंवा खात्याची परवानगी हवी, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे काहीही लपवायचं नाही. देवळालीचा लष्करी भाग, नाशिकरोडचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना यांच्या आसपास तर विचारही नको. सिंहस्थाच्या दिवसांत गोदाघाटावर बेवारस डबा दिसला तर पोलीस काय करतील ते सांगायला नको. आणि मळ्याच्या, उसाच्या कडेनं संध्याकाळी मुलांना घेऊन हिंडू नका, बिबट्या आपल्याकडे गोष्टीतला नाही. सगळ्यात सोपी सुरुवात स्वतःच्या सोसायटीच्या बागेतून होते.

या खेळाला उपचार म्हणणं मला पटत नाही. आई-वडील गमावलेल्या मुलांसाठी नेमकं काय उपयोगी पडतं, याचा पक्का पुरावा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात अर्विन सँडलर यांच्या गटानं उभा केला. त्यांनी मुलांसोबत मागे राहिलेल्या पालकालाही शिकवलं : रोज थोडा वेळ फक्त मुलासाठी, मायेनं ऐकणं, शिस्त तीच ठेवणं, सगळ्यांनी मिळून काहीतरी आनंदाचं करणं. त्याचा फायदा पुढे अनेक वर्षं टिकला. डबी शोधणं या यादीतल्या शेवटच्या गोष्टीत बसतं आणि पहिल्या दोन गोष्टींना निमित्त देतं. आठवडेच्या आठवडे मूल शाळेत जायला तयार नसेल, जेवण-झोप उडाली असेल, स्वतःला इजा करायची किंवा "मलाही तिकडेच जायचंय" अशी भाषा करत असेल, तर डबी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते.

पहिल्या रविवारी तर डबीचीही गरज नाही. नाशिकचं एक भाग्य आहे : २० अंश उत्तर अक्षवृत्त शहरातूनच जातं. रामकुंड त्याच्या किंचित उत्तरेला, नाशिकरोड स्टेशन दक्षिणेला. फोनवर अक्षांश-रेखांश दाखवणारं अ‍ॅप उघडा आणि बरोबर २० अंश ०० मिनिटं दिसेल ती जागा शोधायला निघा. हे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्याच्या हजाराव्या भागाला जमिनीवर जेमतेम १.८५ मीटर, म्हणजे दोन-तीन पावलं. आकडा शून्याच्या जवळ येतो, निसटतो, पुन्हा येतो. ट्रॅफिक बघायचं काम तुमचं. फोन मुलाच्या हातात द्या आणि तो म्हणेल तिकडे वळा.