जुन्या नियतकालिकांचं पुनर्मुद्रण : फोटोप्रत घ्यावी की नवी जुळणी?

तालुक्याच्या वाचनालयात खरेदीचा पैसा मोजकाच. त्यामुळे एकाच जुन्या साप्ताहिकाचे दोन पुनर्मुद्रित खंड समोर आले की आमच्या वर्ध्याकडे हमखास प्रश्न येतो, "आतला मजकूर तं एकच हाय, मंग हे काहून महाग?"

महाग असते ती बहुधा फोटोप्रत. त्यात मूळ पानंच स्कॅन करून छापलेली असतात. स्तंभ, मथळे, वर्गणीचे दर, वैद्याच्या गोळ्यांची जाहिरात, सगळं जिथल्या तिथे. नव्या जुळणीत मजकूर पुन्हा टाईप केलेला असतो. अक्षर ठसठशीत, खंड आटोपशीर, म्हाताऱ्या डोळ्यांना सोयीचा.

कवितासंग्रह असता तर मी डोळे मिटून नवी जुळणी घ्या म्हटलं असतं. पण चालू घडामोडींवरचं लेखन तारखेला बांधलेलं असतं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं ते २० मार्च १९२७ रोजी. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला. मधे जेमतेम दोन आठवडे. तारखा गाळून लेख विषयवार लावले की हा ताव निघून जातो, आणि नव्या जुळणीचे संपादक पुष्कळदा नेमकं तेच करतात. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, म्हणून 'नाहीं', 'तें' हेही बरेचदा परस्पर 'सुधारले' जातात.

मात्र फोटोप्रत म्हणजे मूळ अंकच, असंही नाही. पिवळ्या कागदावरचा डाग किंवा कसरीचं भोक काळ्या-पांढऱ्या छपाईत अनुस्वारासारखं दिसतं. ते डाग काढायला सॉफ्टवेअरची सफाई फिरवली की खरे अनुस्वारही पुसले जातात. घट्ट बांधणीचा खंड न उसवता स्कॅन केला असेल, तर शिवणीकडची अक्षरं गेलीच म्हणून समजा. विकत घेण्याआधी मधलं एखादं पान उघडून तेवढं बघाच.

घरच्या पेटीतले अंक स्वतः छापायचे असतील, तर प्रकार कोणताही निवडा, लेखनहक्क (कॉपीराइट) चुकत नाही. अंक जुना म्हणजे छापायला मोकळा, हा समज आपल्याकडे फार. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तोही लेखागणिक वेगळा. बाबासाहेबांचं हयातीत छापलेलं लेखन २०१७ पासून मोकळं आहे. विनोबांनी १९२३ साली वर्ध्याहून काढलेलं 'महाराष्ट्र धर्म' तर शंभरीचं झालंय. पण विनोबा गेले १९८२ साली, म्हणजे त्यातल्या त्यांच्या लेखांना सर्वसाधारण नियमानं २०४२ अखेरपर्यंत परवानगी लागेल.

पैसे एकाच खंडापुरते असतील तर माझं मत फोटोप्रतीला. नवी जुळणी घ्यायचीच तर आधी संपादकाचं टिपण वाचा: शुद्धलेखन बदललं का, काय गाळलं, मूळ अंकाची तारीख आणि पृष्ठांक दिलेत का. टिपणच नसेल तर खंड परत पाठवा.